मुंगी सगळ्यात आधी

माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि रविवारी रिमोटच्या गाड्यांच्या बॉड्या रंगवतो. बॉडी असते पारदर्शक प्लास्टिकची आणि रंग मारायचा आतून. त्यामुळे बाहेरून जे सगळ्यात वर दिसायला हवं, ते सगळ्यात आधी काढावं लागतं. या उलट्या कामावर हात बसायला त्याला पाच वर्षं लागली. सुरुवातीला एअरब्रशचा रंग असा ओघळायचा, की गाडी रडतेय असं वाटायचं. आता तो आधी दाराजवळ एवढीशी लाल मुंगी काढतो, मग बाकीचे रंग मारतो. मुंगी ही त्याची सही.

ती पाचही वर्षं माझा सख्खा भाऊ दर रविवारी त्याच्या टेबलाशी बसून चहा ढोसत होता. "दाजी, एक बॉडी शर्यतीसाठी द्या ना," म्हणाला. यानं सगळ्यात चांगली काढून दिली.

शर्यतीच्या मैदानावर बघते तर काय, तीच बॉडी रंगकामाच्या स्पर्धेत, माझ्या भावाच्या नावावर! मेल्याला लाज म्हणून नाही. परीक्षकांनी कौतुकानं विचारलं, "ही मुंगी केव्हा काढलीत?"

"सगळ्यात शेवटी," भाऊ ऐटीत म्हणाला, "बाकीचा रंग वाळल्यावर."

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गाडी बाजूला ठेवली. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. नवऱ्याकडे वळले, तर त्याचा चेहरा पार उतरलेला.

"बक्षीस नेलं असतं तरी चाललं असतं," तो म्हणाला. "पाच वर्षं शेजारी बसला गं. एकदाही बघितलं नाही त्यानं."