बाहेरच्या खोलीतले वारस

वकिलाच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपण होऊन दारात चपला काढतात, "साहेब आहेत का?" म्हणून विचारतात आणि चहालाही थांबतात! लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, की आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, दर रविवारी बाहेरच्या खोलीत लोकांची मृत्युपत्रं करून देतात. चहा न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी बोलते कमी, त्यामुळे माझ्यासमोर कुणी बोलायचं थांबत नाही. माहेरी गेले की मैत्रिणींचा पहिला प्रश्न, "या रविवारी कोण मेलं गं?"

मेलेलं कुणीच नसतं. सगळे मरायच्या आधीचे!

* * *

घाटकोपरचे एक गृहस्थ आले ते वकील पारखायला. मामंजींना नीट न्याहाळून म्हणाले, "वय काय आपलं?"

"साठी उलटली."

"दमा? ब्लडप्रेशर?"

"अहो, मृत्युपत्र तुमचं करायचंय ना?"

"म्हणून तर! तुम्हीच माझ्या आधी गेलात तर माझ्या मुलांना ते समजावणार कोण?"

"मुलांना वाचून समजेल असंच लिहू की!"

गृहस्थ उठलेच. "म्हणजे तुम्ही माझ्या मुलांना पाहिलेलं नाही!"

* * *

काहींच्या तोंडून मरणाचा शब्दच निघत नाही. कांदिवलीच्या एका हेडक्लार्कनी फार घुटमळून सुरुवात केली, "समजा, मी नसलो..."

"कुठे नसलात?" मामंजींनी विचारलं. त्यांना सगळं स्पष्ट लागतं.

"घरात."

"मग परत याल की!"

"तसं नाही हो. समजा, कायमचा गेलो..."

"कुठे?"

हेडक्लार्क घामाघूम. शेवटी म्हणाले, "नाशिकला!"

मी कपबशा घेऊन आत पळाले. सासूबाई आधीच तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या.

* * *

आमच्या शेजारच्या दुर्गामावशींना मात्र असला संकोच मुळीच नव्हता. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पाठीमागे आंबा असलेलं टुमदार घर आणि सोबतीला भाची नलू. आईबाप गेल्यावर मावशींनीच तिला वाढवली. एका रविवारी येऊन त्यांनी फर्मावलं, "माझ्यामागे घर नलूला. लिहा!"

मामंजींनी टाक खाली ठेवला. "दुर्गाबाई, तसं लिहिता येणार नाही. घर यजमानांचं होतं. त्यांच्यामागे ते विधवेला मिळालं, पण हयातीपुरतं. राहा, भाडं आलं तर घ्या. विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. तुमच्यानंतर ते यजमानांच्या पुतण्याकडे."

हा पुतण्या वसंता अंधेरीला राहायचा. महिन्यातून एकदा यायचा, "काकू, दमा कसा आहे?" असं काळजीनं विचारायचा आणि खिशातून टेप काढून खोल्या मोजायचा! ही भिंत पाडायची, इथे दुसरं बिऱ्हाड ठेवायचं, असं मावशींच्याच देखत पुटपुटायचा. मावशी त्याला चहा द्यायच्या. नलू मात्र टेप दिसली की मागच्या अंगणात निघून जायची.

"म्हणजे मी मेले, की नलू रस्त्यावर?" मावशींनी विचारलं.

मामंजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मग मी मरतच नाही!"

"सध्या तरी," मामंजी म्हणाले, "कायद्यात तोच एक उपाय आहे."

* * *

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एका व्यापाऱ्याला मामंजींनी बजावून सांगितलं, "ज्यांना काही द्यायचं नाही, अशीच माणसं आणा. मागाहून कुणी बोट दाखवायला नको."

पुढच्या रविवारी तो आपल्या दोन्ही मुलांना घेऊन आला!

त्या दिवशी चहा तसाच राहिला.

* * *

मग छप्पन साली नवा वारसा कायदा झाला. बाहेरच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. पगडीवाले एक आजोबा छडी आपटतच आत शिरले.

"मृत्युपत्र नसलं तर आता मुलीलाही हिस्सा?"

"मुलाइतका."

"लग्न झालेल्या मुलीलाही?"

"हो."

"बायकोला?"

"हो."

"आईलाही? मग बाप्यानं करायचं काय?"

"काही नाही," मामंजी म्हणाले, "त्यानं फक्त मरायचं!"

आतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. आजोबा जाईपर्यंत ते थांबेना.

* * *

पण खरी धमाल हे आजोबा आले त्याच्या आदल्या दिवशीची! मामंजी कधी घाई न करणारे. टोपीशिवाय फाटकाबाहेर पाऊल नाही. त्या सकाळी कायदा वाचता वाचता ताडकन उठले आणि बोडक्यानंच, एका पायात माझी चप्पल घालून, रस्त्यावर धावले.

"दुर्गाबाई! अहो दुर्गाबाई! आता मरायला हरकत नाही!"

आजूबाजूच्या खिडक्या फटाफट उघडल्या. मावशी झाडू हातात घेऊन बाहेर आल्या. "काय म्हणालात?"

"विधवेच्या ताब्यातलं घर आता पुरतं तिचं! हयातीपुरतं वगैरे गेलं! विका, द्या, काय वाटेल ते करा!"

मावशींनी झाडू पायरीला टेकवला. "नलूला देता येईल?"

"आत्ता लिहितो!"

एक साक्षीदार समोरचे मास्तर. दुसरा शोधताना मामंजींची नजर माझ्यावर पडली. "सूनबाई, तुला यात काही मिळणार नाही ना?"

"नाही."

"मग कर सही."

नव्या नावानं केलेली माझी ती पहिली सही. माहेरचं आडनाव अगदी टाकाच्या टोकापर्यंत आलं होतं!

* * *

पुढच्या महिन्यात वसंता आला. मी मावशींकडे लोणचं द्यायला... नाही, खरं सांगते, बघायलाच गेले होते. या खेपेला नलू अंगणात गेली नाही. दारातच उभी राहिली.

"काकू, दमा कसा आहे?"

"झकास! टेप आणलीस ना रे?"

"आणलीय की."

"बरं झालं. नलूच्या खोलीला पडदे शिवायचेत," मावशींनी स्टूल पुढे सरकवलं, "चढ वर!"