बर्फात मीठ

उपकेंद्राची ती एक खोली मला कायम मोठीच वाटायची. भिंगारचं आमचं घर माणसांनी भरलेलं, आणि इथे पारनेरकडच्या माळावर मी एकटी नर्सबाई. दिवसा बाया यायच्या, कामापुरतं बोलायच्या. संध्याकाळी मात्र शेजारीण कुंपणावरून गरम भाकरी द्यायची आणि तिथेच उभी राहून घटकाभर बोलायची. त्या घटकेवर माझा दिवस निघायचा.

नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा कडक होता. आरोग्य केंद्रातून एसटीने लसीचा डबा आणेपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं. मी स्वतःला फार हुशार समजायचे. घरी पॉट आइस्क्रीम करताना बर्फ आणखी गार व्हावा म्हणून आम्ही त्यात खडे मीठ टाकायचो, तेच मी इथे केलं. बाजारातून बर्फ घेतला, फोडला, मीठ पेरलं आणि घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरच्या त्रिगुणी लसीच्या बाटल्या त्यात खुपसल्या. गावात पोचल्यावर एका बाटलीत पांढरे कण दिसले. मी ती जोरात हलवली आणि टोचायला बसले. पाच बाळांना टोचून झालं. शेजारणीची लेक त्यातलीच.

महिन्याने आरोग्य केंद्रातल्या सभेत तिथल्या डॉक्टरांनी नवं परिपत्रक वाचून दाखवलं. त्रिगुणी लस गोठू द्यायची नाही, बर्फाला टेकवायची नाही. हलवून ठेवल्यावर कण लगेच तळाशी बसले तर बाटली फेकायची, कारण गोठलेल्या लसीचा बाळाला उपयोग नसतो. गावात डांग्या खोकला आला असता तर त्या पाच बाळांना त्या सुईचा काही आधार नव्हता.

सभा संपल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पुन्हा टोचा. नवा नियम आलाय म्हणा, कोण विचारतंय?"

खरंच कोणी विचारलं नाही. चार घरी मी नव्या नियमाचं सांगून बुधवारी बाळाला पुन्हा टोचायला आणा म्हटलं आणि चारही घरी मला चहा मिळाला. त्या चहाची मला आजही लाज वाटते. पाचव्या घरी शेजारीण लेकीला न्हाऊ घालत होती. तिच्यापुढे ते वाक्य तोंडातून निघेना. मिठापासून सगळं खरं सांगून टाकलं.

तिनं लेकीचं अंग पुसलं, दुपट्यात गुंडाळलं.

"मग म्हैनाभर माजी पोर तशीच हुती?"

"हो."

"अन् ते कण दिसले हुते तुमाला?"

"दिसले होते."

ती आत निघून गेली. संध्याकाळी मी कुंपणाशी उभी राहिले. तिच्या चुलीचा धूर दिसत होता. मग आत येऊन स्टोव्ह पेटवला.

बुधवारी, लसीच्या दिवशी, ती येईल असं वाटलं नव्हतं. ती सगळ्यांच्या आधी आली. लेकीची मांडी हातानं झाकून धरत म्हणाली, "बाई, आदी बाटली हलवून ठिवा. मला बगू द्या."

मी बाटली हलवून टेबलावर ठेवली. दोघी तिच्याकडे बघत बसलो, एकमेकींकडे नाही. औषध दुधासारखं एकसारखं राहिलं. मग तिनं हात बाजूला घेतला.

पुढच्या प्रत्येक डोसला तिनं बाटली मागून बघितली, आणि मी दाखवली. भाकरी मात्र परत आली नाही. तिचं काही चुकत नव्हतं, हे मला कळत होतं. तरी बदली होईपर्यंत रोज संध्याकाळी मी कुंपणाकडे बघायचेच.