मला उंट पाहिजे

आता माझा गाढवपणा मीच सांगितलेला बरा. आष्टीच्या बाजारात दुसऱ्या कुणाकडून ऐकाल, तर तो दोन उंट सांगेल. उंट एकच होता. बाकी सगळं खरं हाय.

सुरुवात झाली माझ्या फोनपासून. आमच्या घरात काही बोलायची सोयच राहिली नव्हती. बायको, सुमन, म्हणाली की मिक्सरचं भांडं गळतंय, तर माझ्या फोनवर मिक्सरच मिक्सर. शेळ्यांमागं हिंडून गुडघे धरतात हे मी बायकोला सांगायचं, आणि फोननं मला गुडघ्याचे पट्टे दाखवायचे! बरं, त्यानं दाखवले तर दाखवले. मी घेतो ना! पट्टे आले, कांदा कापायचं यंत्र आलं, पाठ चोळायचं यंत्र आलं. त्या यंत्राची वायर शेळीनं खाल्ली. घरात त्याचा झालेला उपयोग तेवढाच.

"हा फोन आपलं बोलणं ऐकतो," मी जाहीर केलं.

"कुणीतरी ऐकतंय तुमचं, चांगलंय की," सुमन म्हणाली.

तिथंच माझं टाळकं फिरलं. ठरवलं, ह्याला पुराव्यानिशी पकडायचा. आजवर आपल्या घरात ज्याचं नावसुद्धा निघालं न्हाई, असं काहीतरी मागायचं. लई डोकं खाजवलं आणि सापडलं. उंट! सुमनला म्हटलं, ह्या फोनवर उंट दिसला की फोन तुझा, मी बटनांचा डबडा वापरीन. तिला मालिका बघायला फोन हवाच होता. शब्द फिरवायचा न्हाई, एवढंच ती म्हणाली. मी आणि शब्द फिरवणार?

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गोठ्यात जायचो, फोन भिंतीवर ठेवायचो आणि खणखणीत सांगायचो, "मला उंट पाहिजे. चांगला तरणा उंट पाहिजे." शेळ्या खायच्या थांबून माझ्याकडं बघायच्या. फोन मात्र पट्टे दाखवायचा, कढया दाखवायचा. उंट न्हाई.

म्हणून मी आवाज वाढवला.

आता त्या भिंतीपलीकडं आहे रफिकभाईंचं गॅरेज. शेजारी म्हणून लाख माणूस. एकदा त्यांनी मला थांबवून गुडघ्यांची चौकशी केली. म्हटलं, शेळ्यांमागं चालवतच न्हाई हो आता. ते गंभीर झाले. मग म्हणाले, गोठ्याचे पत्रे जरा बुटके पडतील. मला वाटलं, उन्हाळ्याचं बोलतायत. म्हटलं, उचलून घेऊ की. त्याच आठवड्यात दाढी करताना न्हाव्यानं विचारलं, उंच बसल्यावर चक्कर येत न्हाई ना? मला वाटलं, नव्या खुर्चीबद्दल विचारतोय. म्हटलं, उंच असलं की मला मोकळं वाटतं.

बघा, सगळ्याला होकार मीच देत गेलतो.

बाजाराच्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोर चार पाय. वर बघितलं. आणखी वर बघितलं. उंट! रंगीत झूल, गळ्यात घुंगरं, नारायणगडच्या जत्रेत पोरांना चक्कर मारून आणतात ना, तसला. त्याच्याजवळ उंटवाला, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले रफिकभाई.

"आण्णा, तुमच्यासाठी लई फिरलो," रफिकभाई म्हणाले. "गुडघे चालत न्हाईत, शेळ्या तर हाकाव्याच लागतात. आता वर बसून निवांत हाका. मी ह्यांना जबान दिलीय, आमचे आण्णा न्हाई म्हणणार न्हाईत."

उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण मी शाळेत शिकलो होतो. ती करूनही दाखवावी लागेल, हे गुरुजी बोलले नव्हते.

खरं सांगावं, तर गल्लीसमोर रफिकभाईंची जबान जाते. न सांगावं, तर उंट गोठ्यात येतो. मग सुचलं. जनावर पारखून नापसंत केलं तर कुणाचा अपमान होत न्हाई. एक चक्कर मारायची आणि मान हलवायची! फोन पडू नये म्हणून सुमनच्या हातात दिला, उंटवाल्यानं उंट बसवला, मी चढलो.

उंट उठताना आधी मागून उठतो, हे तुम्हाला माहीत होतं का? मला न्हवतं. मी त्याच्या मानेला मिठी मारली. मग तो पुढून उठला आणि मी शेपटीकडं गेलो. माझ्या बोंबलण्यानं शेळ्या बिथरल्या, दावी तोडून रस्त्यानं सुटल्या. त्यांच्यामागं उंट, उंटावर मी, मागं उंटवाला. भर बाजारातून गेलो. भाजीवाल्या बाया पाट्या सोडून उभ्या राहिल्या.

परत आल्यावर नापसंती सांगायला तोंड उघडलं, तोवर उंटवालाच बोलला.

"रफिकभाई, माफ करा. जनावर भेदरलंय. ह्या माणसाला मी उंट देणार न्हाई."

रफिकभाईंना लई वाईट वाटलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नाराज होऊ नका आण्णा, दुसरा बघू."

मी जागच्या जागी उड्या मारून दाखवल्या. म्हटलं, गुडघे बरे झाले.

संध्याकाळी अंग शेकता शेकता सुमनला म्हणालो, काही म्हण, फोनवर मात्र उंट दिसला न्हाई. तिनं फोन फक्त माझ्याकडं वळवला. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पुढं शेळ्या, मागं उंट, वर मी. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'उंटावरचा शहाणा'.

"दिसला का उंट?" तिनं विचारलं.

व्हिडिओ कशानं काढला? माझ्याच फोननं. फोन तिच्या हातात कुणी दिला? जाऊ द्या.

आता माझ्याकडं बटनांचा डबडा हाय. तो काहीच ऐकत न्हाई. तरीबी त्याच्यावर बोलताना मी भिंतीपासून लांब उभा राहतो.