डोहाळजेवणात आली इन्स्पेक्टरबाई

लढाईच्या वर्षी मी घरीच मशीनवर फौजेच्या शर्टांच्या कॉलरी शिवत होते, सदर भागातल्या एका ठेकेदारासाठी. जेवढ्या कॉलरी तेवढे पैसे. सातवा लागला तेव्हा बाळंतपणाचं काही मिळेल का विचारलं, तर म्हणतो कसा, "दीदी, कॉलर का पैसा देता हूँ, बच्चे का नहीं." मेला!

मग कळलं की अशा बायांना सरकार मदत देतं. फक्त घरची परिस्थिती बेताची आहे, हे इन्स्पेक्टरबाई स्वतः येऊन पाहणार. नवरा फॅक्टरीत रोजंदारीवर, म्हणजे परिस्थिती बेताचीच होती. मदत मिळाली तर सव्वा महिना मशीनला पाय लावावा लागणार नव्हता. शेजारणीनं बाळंतपणानंतर बाराव्याच दिवशी मशीन धरली आणि कंबर कायमची घालवून बसली. मला तेवढं नको होतं, बस.

बाई आली ती नेमकी माझ्या डोहाळजेवणाच्या दुपारी! मी हिरव्या शालूत, नाकात नथ, हातात पाटल्या, फुलं लावलेल्या खुर्चीत बसलेली. समोर चांदीच्या वाटीत पेढे.

"यहाँ तो राजमहल है," म्हणत बाईनं पेनाला टोपण लावलं.

मला रडूच फुटलं. "अहो, हे सगळं मागून आणलंय!"

"सब यही कहते हैं."

सासूबाईंनी पदर खोचला. "चलो, ज्याचं त्यानं उचला!"

मग काय विचारता! समोरच्या काकूंनी नथ काढली, तशी मला शिंक आली. मागच्या वहिनी पाटल्या ओढून राहिल्या, पण हात सुजलेले, शेवटी साबण आणावा लागला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "ऊठ गं जरा," आणि खुर्ची घेऊन गेल्या. वाटीवाली वाटी घेऊन गेली, पेढे इन्स्पेक्टरबाईच्या हातात ठेवून. शालू मावससासूबाईंचा, तो आत जाऊन सोडला. बाहेर आले ती ठिगळाच्या सुती पातळात. तेवढ्यात कुणीतरी डोक्यातली वेणीही काढली, म्हणे फुलवाल्याला पैसे तिनं दिले होते.

"काहून रडून राहिली?" सासूबाई माझ्या कानात ओरडल्या. "नीट उभी राहा, गरीब दिस!"

इन्स्पेक्टरबाईनं तोंडातला पेढा गिळला. "इसमें आपका अपना कुछ है?"

मी पोटावर हात ठेवला. "हे."

"तेही आमच्या घराण्याचं आहे," सासूबाई म्हणाल्या.

बाईला हसताना ठसकाच लागला. पाणी पिऊन तिनं पेन उघडलं, ब्लॅकआउटचा काळा कागद चिकटवलेल्या खिडकीवर फॉर्म टेकवला आणि सही केली.

मुलगी झाली. सव्वा महिना मशीनवर चादर होती. ठेकेदाराचा माणूस दोनदा येऊन गेला, मी उठले नाही. लेक कुशीत, आणि मी नुसती तिच्याकडे पाहत पडलेली. ते दिवस परत न्यायला कुणीही आलं नाही.