परत न द्यायचं कार्ड

बोळिंजच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी कॅश काउंटरला होते. कार्ड न चालणं तिथे रोजचंच. पिन चुकला, नेटवर्क गेलं, बँकेचा सर्व्हर बंद पडला. कुठे काय बोलायचं ते मला पाठ होतं. पण त्या दुपारी मशीनवर वेगळंच आलं: 'पिक अप कार्ड'. म्हणजे कार्ड ग्राहकाला परत द्यायचं नाही, ठेवून घ्यायचं. ट्रेनिंगमध्ये हे नुसतं ऐकलं होतं.

समोर साठीकडे झुकलेली एक बाई होती. खाडीकडच्या गावातली, बोलण्यावरून कळत होतं. वॉशिंग मशीन पसंत करून, पिन दाबून ती उभी होती. कार्डावरचं नाव पुरुषाचं. पण घरच्यांची कार्डं घेऊन बायका येतातच. आम्ही काही विचारत नसू.

"झालं का बाय?"

"मावशी, मशीन जरा अडलंय," असं काहीतरी सांगून मी कार्ड मुठीत धरलं आणि मॅनेजरकडे गेले.

तो दबक्या आवाजात म्हणाला, "मी बँकेशी बोलतो. तोवर तिला जाऊ देऊ नकोस."

जाऊ देऊ नकोस म्हणजे नेमकं काय करायचं? मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. काउंटरवर परत येऊन उगाच ड्रॉवर उघड-बंद करत राहिले. बाई चोर असेल तर? आणि नसेल तर? ती आता माझ्या मुठीकडेच बघत होती.

शेवटी राहवेना. "मावशी, कार्ड कुणाचं आहे?"

"आमच्या ह्यांचं."

"त्यांना माहीत आहे?"

ती पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "कपडे पिळून माझं मनगट धरतं. मशीन घेऊ बोलले की ते नाय बोलतात. म्हणून सकाळी शर्टातून काढलं."

मी तिच्याच फोनवरून नवऱ्याला लावला. ते पलीकडून ओरडलेच, "कार्ड तिच्याकडं हाय? हरवलं समजून मी मघाशीच बंद केलं ना!"

ते स्कूटरवरून आले तेव्हा शर्ट घामाने चिकटला होता. सगळं दुकान बघत होतं.

"मला विचारायचं नाय?"

"विचारलं होतं," ती खाली बघत म्हणाली. "दिवाळीला. मग होळीला पन."

तेवढ्यात मॅनेजर बँकेचा निरोप घेऊन आला: हे कार्ड आता कुणालाच मिळणार नाही, कापून टाका. त्या दोघांच्या देखत मी कात्री चालवली. पहिल्यांदा नीट कापलंच गेलं नाही.

मग ते सेल्समनकडे वळले. "कंचं मशीन घेतलंय हिनं?" मोबाइलवरून स्कॅन करून त्यांनी पैसे भरले. ती मात्र हसली नाही. निघताना माझ्यापाशी थांबली.

"तुला चोर वाटले ना मी?"

"मला कळत नव्हतं, मावशी," मी म्हणाले. तेच खरं होतं.

तिने मान हलवली आणि नवऱ्याच्या पुढे चालत बाहेर पडली.

संध्याकाळपर्यंत मी खुर्चीत टेकू शकले नाही. कुणी कार्ड पुढे केलं की आधी त्याचा चेहरा बघत होते, आणि मशीनमधून स्लिप बाहेर येईपर्यंत श्वास रोखून धरत होते.