करवलीच्या तोंडामागची जीप

भूत, भानामती, अंगात येणं — यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. कुणाच्या अंगात आलं की मी आधी तिच्या चपला बघते. नीट जोडीनं काढून ठेवलेल्या असल्या की समजायचं, बाई पुरती शुद्धीवर आहे. पण माझ्या कपाटात एक व्हिडिओ कॅसेट आहे… तिचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. पिंगळीला माझ्या धाकट्या भावाचं, दिनूचं लग्न होतं आणि चक्क व्हिडिओ शूटिंग ठेवलं होतं! मी करवली. करवलीनं हातात पाण्याचा करा धरून नवरदेवाच्या मागं मुकाट चालायचं असतं. पण तेव्हाची मी म्हणजे… नवी मोरपंखी साडी, नाकात नथ आणि डोक्यात वारं. दुपारी चारच्या सुमारास नवरदेवाचा परण्या, म्हणजे घोड्यावरची मिरवणूक, मारुतीकडं निघाला, तशी मी घोड्यामागून निघाले ती थेट कॅमेऱ्यापुढं.

शूटिंगवाला पूर्णेचा होता. बिचारा विनवायला लागला, "आक्का, सरका की जरा. नवरदेव दिसंना झालाय."

"दिनूला रोजच बघतेत लोकं," मी म्हटलं. "साडीचा काठ आला का नीट?"

तो काठ घेत होता तेवढ्यात माझ्या पाठीमागं धाडकन आवाज झाला. वळून बघते तर एक जीप रस्ता सोडून गुरांना पाणी पाजायच्या हाळाला धडकलेली, आणि जीप अन् हाळाच्या मधे आमचे हे. उन्हानं जीव घाबरला म्हणून रुमाल भिजवायला गेले होते. उजवी मांडी मोडली.

ड्रायव्हरनं कोर्टात सांगितलं, माणूस दारू पिऊन भर रस्त्यात नाचत होता, आपण होऊन जीपपुढं आला. चहासुद्धा न पिणारा माझा नवरा! साक्षीला सगळे वऱ्हाडी, म्हणजे आमचेच सोयरे. त्यांचं कोण ऐकणार? आणि दुसरं ऑपरेशन झालं नाही तर पाय कायमचा आखूड राहणार होता. त्याचा पैसा या भरपाईच्या दाव्यावर अडलेला.

राहता राहिली कॅसेट. आम्ही ती घरी चार वेळा लावली. चारही वेळा ऐन धडकेला पडदाभर मी. दात, नथ, मोरपंखी काठ. मागून नुसता आवाज.

सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याची एकच साक्ष व्हती, तिच्या म्होरं थोबाड घालून हुबी ऱ्हायलीस."

मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे चुलीपुढं बसून भाकरी खाल्ली, पण ताट घेतलं नाही.

वकीलसाहेब म्हणाले, "आधीच्या भागात तुमचे मालक नीट चालताना तरी दिसतात. तेवढंच दाखवू." कॅसेट लाखेचं सील लावून कोर्टात जमा झाली.

तारखेला परभणीच्या कोर्टात भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर हातगाड्यावरून आला. जज्जसाहेबांसमोर सील तोडलं. ह्यांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या. मिरवणूक सुरू झाली, बँड वाजला… माझी जागा जवळ आली तशी मी मान खाली घातली. धाडकन आवाज झाला.

वर बघितलं तर पडद्यावर मी नव्हतेच.

रस्ता होता. हाळ होता. हे वाकून रुमाल पिळत होते. ड्रायव्हर मान वळवून मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलतोय आणि जीप सरळ कडेला उतरतेय… सगळं लख्ख!

"पुन्हा लावा," जज्जसाहेब म्हणाले.

पुन्हा तेच. ड्रायव्हर उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "चूक झाली, साहेब."

दावा आमच्या बाजूनं लागला. ऑपरेशन झालं, पाय सरळ झाला. कॅसेट परत मिळाली तेव्हा आम्ही आळी गोळा केली, नारळ फोडला आणि मोठ्या थाटात लावली. पडदाभर मी. दात, नथ, मोरपंखी काठ.

कॅसेट बदलली म्हणाल, तर ती एकच होती. शूटिंगवाल्यानं लेकराची शपथ घेतली, "कॅमेरा एक, कॅसेट एक. आक्का, मी तर तुमच्या काठावरच व्हतो." वकीलसाहेब म्हातारे झाल्यावरही म्हणायचे, "बाई, मी जीप बघितलीय. तुम्ही नव्हता." परवा नातीनं ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. मीच, आणि दात आणखी मोठे!

ह्यांना अजून विचारते, "अहो, कोर्टात असं कसं झालं असंल?"

हे शेताकडं निघालेले असतात, दोन्ही पायांनी ताठ. चालता चालताच म्हणतात, "जीप दिसली त्याचं काय न्हाई. तू बाजूला सरकलीस, त्येच समजंना."