चारबोटे तात्यांचा राखलेला डोह

चारबोटे हे तात्यांचं आडनाव नव्हतं. जाळीदार काहीही दिसलं की त्यात चार बोटं घालून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून गावाने ते त्यांना बहाल केलं होतं. बैलाचं मुसकं असो, शिंकं असो, खाटेची सैल झालेली वीण असो, तात्यांची बोटं आत गेलीच पाहिजेत. माझ्या लग्नात नवरीकडून आलेल्या विणलेल्या पिशवीतही त्यांनी बोटं घातली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर निकाल दिला, "बारीक हाय. पिल्लू अडकंल."

पवनेच्या काठी, चिंचवडच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथे माझं सुताचं आणि दोरखंडाचं दुकान होतं. भोई मंडळी जाळ्यांचं सूत माझ्याकडून नेत आणि तात्या त्या सगळ्या भोयांचे म्होरके. माणूस गोड मुळीच नव्हता. तोंड फाटकं, वर मीच शहाणा हा तोरा. ज्या जाळ्याच्या आसातून, म्हणजे विणीतल्या भोकातून, तात्यांची चार बोटं जात नसत, ते जाळं नदीत पडायचं नाही. एखाद्याने लपवून बारीक आसाचं जाळं विणलं, तर तात्या कोयता घेऊन त्याच्या दारात उभे राहात आणि मग तो बिचारा माझ्याकडे नवं सूत न्यायला येई. "तुझाच धंदा वाढवतो, मुलाणी," असं वर मलाच ऐकवत.

पण तात्यांचा खरा जीव होता तो राखलेल्या डोहात. आमच्या शिवारात नदीचे तीन डोह. त्यांतला एक कायमचा राखून ठेवायचा, ही भोयांची जुनी रीत. राखलेल्या डोहात जाळं नाही, गळ नाही, पोरांनी हौसेने लावलेलं फडकंसुद्धा नाही. गाभोळीचे, अंड्यांवर आलेले मासे तिथे वाढायचे, पावसात नदी फुगली की तिथलीच पैदास बाकीच्या दोन डोहांत पसरायची आणि गावाची चूल पेटायची. "हा डोह म्हंजी कणगी हाय," तात्या म्हणत. "कणगीतलं बी खाल्लं, की पेरायचं काय?"

एकदा त्यांचा जावई मुक्कामाला आला. सासऱ्याला खूश करावं म्हणून भल्या सकाळी गळ टाकून चांगला हातभर मासा घेऊन आला. दुपारी ताटं मांडली, वाढप झालं, आणि तात्यांनी सहज विचारलं, "कुठल्या डोहातला?" जावयाने सांगितलं. तात्या उठले, चुलीवरचं पातेलं उचललं आणि सगळं कालवण नदीत ओतून आले. तात्यांची बायको सोनाकाकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अवं, शिजल्याला मासा आता पवणार हाय का?" तात्या कोरड्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "मासा न्हाई पवणार. जावई शिकंल." जावई पुढे वर्षभर सासुरवाडीला फिरकला नाही. मला अजून हसू येतं. पण त्यानंतरचं आठवलं की ते हसू टिकत नाही.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. नद्यांमधल्या मासेमारीचे ठेके द्यायचं ठरलं आणि कचेरीतून एक साहेब पाहणीला आला. गावात खुर्ची होती ती माझ्याच दुकानात, म्हणून तो माझ्या ओसरीवर बसला. तात्या धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून आले होते. पहिल्या डोहात कोण मासे धरतं, दुसऱ्यात कोण धरतं, साहेब विचारत गेला, तात्या घरं सांगत गेले. मग साहेबाने राखलेल्या डोहाचं विचारलं. तात्या जणू या प्रश्नाचीच वाट बघत होते. छाती काढून म्हणाले, "त्याला कुणी हात लावत न्हाई, साहेब."

"कुणीच धरत नाही?"

"कुणीच न्हाई. माझ्या जावयाची बी टाप न्हाई."

साहेबाने मान डोलावली आणि लिहून घेतलं. तात्यांनी आम्हा सगळ्यांकडे असं बघितलं, जणू कुस्तीच मारली आहे. आम्हीही खूश झालो. सरकारदरबारी आमच्या रीतीची नोंद झाली, असंच सगळ्यांना वाटलं.

नोंद झाली होती ती वापरात नसलेलं पाणी म्हणून. पहिले दोन डोह भोयांकडे राहिले आणि राखलेला डोह, त्यावर कुणाचाच हक्क दिसत नाही म्हणून, लिलावात एका खाणवाल्या ठेकेदाराकडे गेला. पिंपरीकडे कारखान्यांच्या पायासाठी तो दगड पुरवायचा. तात्या कचेरीत गेले, तेव्हा त्यांना अगदी आदराने सांगण्यात आलं, "बाबा, तुम्हीच तर सांगितलंत." त्या साहेबाचा मला राग नाही. मला राग येतो तो त्या पाहणीचा. धरणाऱ्याची तिथे विचारपूस होती, राखणाऱ्याची नव्हती. जो ओरबाडतो त्याचा हक्क आणि जो थांबतो तो कुणीच नाही, हा न्याय मला आजही पचलेला नाही.

ठेकेदाराने जाळं आणलंच नाही. खाणीतले सुरुंग आणले. आखाडात, माद्या गाभोळीने जड झालेल्या असताना, डोहात बार उडाले. मोठे मासे ट्रकात भरून मजुरांच्या वस्त्यांकडे गेले आणि बोटभर पिल्लांचा पांढरा थर काठाला लागून राहिला. मासे गोळा करायला ठेकेदाराने मजुरीवर माणसं लावली. ती भोयांचीच होती, त्यांत तात्यांचा थोरलाही होता. तात्या गुडघाभर पाण्यात उभे राहून बघत होते. मी त्यांना हाताला धरून वर आणलं, तेव्हा त्यांनी चार बोटं माझ्यासमोर धरली. "सुरुंगाला आस नसतो, मुलाणी," एवढंच म्हणाले.

पुढच्या साली उरलेल्या दोन डोहांतही जाळी रिकामी यायला लागली. तरणी पोरं कारखान्यांच्या फाटकांवर रांगा लावू लागली. माझं सूत पडून राहिलं. आणि पारावर टवाळी सुरू झाली, "तात्या, सांगा की पुन्हा, कुणीच धरत न्हाई." भांडखोर तात्या यावर मान खाली घालून घरची वाट धरत, हे मला त्या सुरुंगांपेक्षा जास्त लागलं.

काही वर्षांनी पुन्हा जीप आली. ठेकेदार केव्हाच डोह टाकून गेला होता. या वेळचा साहेब तरुण होता, हसतमुख होता. पत्र्याच्या डब्यांत माशांचं बीज घेऊन आला होता, योग्य त्या डोहात सोडायला. तो माझ्याच ओसरीवर बसला आणि राखलेल्या डोहाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "इथे मासे कोण धरतं?"

तात्या खांबाला धरून उठले. एवढ्या वर्षांत त्यांनी हे उत्तर किती वेळा घोकलं असेल, ते मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं. "समदे धरत्यात, साहेब. पिढ्यान् पिढ्या. माझं घर, भावाचं घर, समदं गाव धरतंय. ल्हिवून घ्या."

साहेबाने लिहून घेतलं. मग डबे उचलणाऱ्या शिपायाला त्याने हाताने थांबवलं. "एवढे लोक धरत असतील तर बीज टिकायचं नाही," तो म्हणाला. "ज्या डोहाला कुणी हात लावत नाही, असा बघू." डबे न उघडताच जीप पुढच्या गावाला निघून गेली.

धुरळा बसेपर्यंत तात्या उभेच होते. मग माझ्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच ते मला काही विचारत होते.

"मुलाणी, मंग काय सांगायचं व्हतं?"

त्याच हिवाळ्यात ते गेले.